टाकीतली पाची : आधी दिवा, मग दवा

मराठीत शेवाळ, कन्नडमध्ये पाची, कुणी हावसेही म्हणतात. आमच्या कलघटगीत एकाच घरात सासूबाई एक शब्द वापरतात आणि सूनबाई दुसरा. पण हौसेने आणलेल्या फिश टँकची काच हिरवी पडली, की दोघींच्या कपाळावरची आठी एकाच भाषेतली असते.

हुबळीच्या बाजारातून टाकी येते, रंगीत मासे येतात आणि अलीकडे प्लास्टिकच्या झाडांऐवजी खऱ्या पाणवनस्पतीही येतात. पहिला महिना कौतुकाचा जातो. पाहुणे आले की चहाच्या आधी टाकी दाखवली जाते. दुसऱ्या महिन्यात काचेवर हिरवा थर बसतो, पानांच्या कडांना काळे केस फुटतात, दोऱ्यासारखे काहीतरी झाडांत गुंतू लागते. मग घरोघरी तीनच उपाय होतात. एक, बाटलीतले औषध ओतायचे. दोन, ‘शेवाळ खाणारा’ मासा आणायचा. आणि ते दोन्ही फसले की तीन, टाकी रिकामी करून मासे आणि झाडे जवळच्या केरीत नाहीतर ओढ्यात सोडून द्यायची.

तिसरा उपाय सगळ्यांत वाईट, आणि आपल्या गावाच्या बाबतीत तर फारच. धारवाडकडून येणारी शाल्मला आणि हुबळीकडून येणारा बेडतीचा प्रवाह यांची गाठ कलघटगीच्या परिसरात पडते. पुढे बेडती यल्लापूरच्या रानात शिरते, मागोडच्या धबधब्यावरून कोसळते आणि गंगावळी या नावाने अरबी समुद्राला मिळते. म्हणजे आपण इथल्या ओढ्यात जे सोडतो ते थेट सह्याद्रीच्या पोटात जाते. म्हणून शेवाळाचा प्रश्न घरातल्या घरात सुटलेला बरा.

तो सुटतो. त्याला फार पैसे लागत नाहीत, क्रम लागतो. आधी दिवा, मग दाणा, मग झाडे, आणि सर्वांत शेवटी, लागलीच तर, दवा. मी बारा वर्षे टाकी सांभाळतो आहे, आणि हा क्रम किती उपयोगी पडतो ते शेजारच्या एका घरात अगदी जवळून पाहिले. तेच आज सांगतो.

पाडव्याची मुदत

संक्रांतीला शेजारचा नववीतला मुलगा तिळगूळ घेऊन आला. तोंड उतरलेले. म्हणाला, “काका, टाकीत पाची भाळ बंदैतिरी. पप्पा म्हणतात, पाडव्यापर्यंत स्वच्छ झाली नाही तर टाकी विकून टाकायची आणि मासे केरीत सोडायचे.”

घर दोन भाषांचे. आई निपाणीकडची मराठी, वडील इथलेच कन्नड. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तर सत्तर लिटरची, पण खडी आणि वरची मोकळी जागा सोडून पाणी पंचावन्न लिटरच्या आसपास. आत मॉली, गप्पी, चार रोझी बार्ब. झाडांत रिबिनीसारख्या पानांचे व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला आणि लाकडाला बांधलेले अनुबियस.

ही टाकी नुसती शोभेची नव्हती. दिवाळीच्या आधी आज्जी अंगणात पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. उठणे-बसणे बंद. म्हणून मुलाने दिवाळीनंतर टाकी त्यांच्या खोलीत, कॉटसमोर आणून ठेवली. आज्जींचा दिवस त्या माशांकडे बघण्यात जाई. कोणता मासा आज खात नाही, कोणत्या मॉलीचे पोट फुगले आहे, हे घरात सर्वांत आधी त्यांना कळे. टाकी गेली असती तर त्यांच्यासमोर नुसती भिंत उरली असती.

मी जाऊन पाहिले आणि तीन प्रश्न विचारले. दिवा किती वेळ चालू असतो? दाणे कोण घालते? झाडे कधी कापली होती? औषधाचा विषय मी काढलाच नाही.

आधी दिवा

उत्तर असे मिळाले : दिवा सकाळी पूजेच्या वेळी लागतो आणि रात्रीची मालिका संपली की विझतो. म्हणजे चौदा तास. शिवाय खोलीला दक्षिणेची खिडकी.

या खिडकीची गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. कलघटगी विषुववृत्ताच्या उत्तरेला पंधरा अंशांवर. मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे अर्धमलनाडाचे ढगाळ आकाश. पण दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो, आकाश निरभ्र होते आणि ऊन खिडकीतून आत, थेट टाकीपर्यंत पोहोचते. ‘इतकी वर्षं नव्हती, यंदाच कुठून आली ही पाची?’ असा प्रश्न थंडीत अनेक घरांतून येतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा खिडकीत सापडते.

प्रकाश हा टाकीचा वेग आहे. प्रकाश जितका जास्त तितकी झाडांची भूक जास्त. त्यांना नत्र, स्फुरद, पालाश, लोह आणि मुख्य म्हणजे कर्बवायू त्या प्रमाणात लागतो. तो मिळाला नाही की झाड अडते, जुनी पाने विरघळू लागतात. शेवाळ मात्र अडत नाही. त्याला मूळ नाही, खोड नाही, एकेक पेशी पाण्यातून थेट खाते. अगदी थोडक्यावर त्याचे भागते. म्हणून ज्या प्रकाशात झाड दमते त्या प्रकाशात शेवाळ माजते.

झाडांनी भरलेल्या साध्या टाकीला दिवसाला सहा ते आठ तास प्रकाश पुरतो. शेवाळ आले असेल तर सहाच ठेवावा. आमच्या शेजाऱ्यांकडे विजेच्या सॉकेटला लावायचा साधा टायमर बसवला : सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ. दुपारची विश्रांती मुद्दाम. अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टाड यांनी 1999 मध्ये पाणवनस्पतींच्या टाकीवर एक पुस्तक लिहिले, ते या छंदात आजही मानले जाते. दुपारी दिवा बंद ठेवला की पाण्यातला कर्बवायू, जो सकाळी झाडांनी संपवलेला असतो, पुन्हा भरून येतो असे त्यांचे निरीक्षण आहे. आपल्या घरांना ही वेळ सोयीचीही पडते. मुले शाळेत जाण्याआधी आणि मोठी माणसे कामावरून आल्यावर टाकी उजळलेली असते.

टाकी खिडकीपासून हलवता येत नव्हती, कारण मग ती आज्जींना दिसली नसती. म्हणून टाकीच्या मागच्या काचेला काळा जाड कागद चिकटवला आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला पडदा लावला. खर्च म्हणाल तर टायमर, कागद आणि जुन्या साडीचा पडदा.

मग दाणा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून मला हसू आले. मुलगा शाळेत जाताना दाणे घाली. आई दुपारी घाली, कारण मुलाने घातले की नाही याची खात्री नसे. वडील रात्री घालीत, कारण मासे काचेजवळ येऊन तोंड उघडतात आणि त्यांना दया येते. माशांचे तोंड उघडणे म्हणजे भूक नव्हे, सवय असते. माणूस दिसला की ते येणारच.

तीन हातांची ही माया शेवटी शेवाळाच्या पोटात जाते. न खाल्लेला दाणा तळाशी कुजतो, खाल्लेल्याची विष्ठा होते, दोन्हींतून अमोनिया आणि फॉस्फेट पाण्यात उतरते. प्रौढ माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढाच दाणा पुरे. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी चालतो.

इथे एक युक्ती केली. कुंकवाच्या रिकाम्या डबीत दिवसाचा दाणा मोजून भरायचा आणि ती डबी आज्जींच्या उशाशी ठेवायची. दाणे घालण्याचा हक्क फक्त त्यांचा. टाकीचे झाकण उघडून हात पुढे करणे तेवढे दुसऱ्याने करायचे. डबी रिकामी म्हणजे दाणा झाला. आज्जी मला म्हणाल्या, “तम्मा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला काम दिलं बघ.”

झाडांना जिंकू द्यावे

या छंदात पूर्वी एक समज पक्का होता : फॉस्फेट म्हणजे शेवाळ. त्याला आधारही भक्कम होता. 1973 मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 226 क्रमांकाच्या तळ्याला मधोमध पडदा घातला. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र सोडले, एका भागात त्याबरोबर फॉस्फरसही. तोच भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. आकाशातून घेतलेले ते छायाचित्र जगभर गाजले आणि कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंधने आणण्याच्या चळवळीला त्याने मोठे बळ दिले.

1996 मध्ये पॉल सिअर्स आणि केविन कॉनलिन या दोन हौशी अभ्यासकांनी हाच विचार टाकीला लावला : झाडांना बाकी सगळे द्या, फॉस्फेट तेवढे तोडा, म्हणजे शेवाळ उपाशी मरेल. पुढे कॅलिफोर्नियातल्या टॉम बार यांनी उलटे करून दाखवले. झाडांनी गच्च भरलेल्या टाकीत त्यांनी फॉस्फेट मुद्दाम घातले, तरी शेवाळ आले नाही.

मग खरे काय? तळे आणि टाकी यांत फरक आहे. ज्या पाण्यात झाडे नाहीत तिथे फॉस्फेटचा वाली शेवाळच. जिथे झाडे जोमात आहेत तिथे ती आपला वाटा घेतात, पाण्यातला अमोनिया साठू देत नाहीत, खाली सावली धरतात. डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर यांनी 1993 मध्ये उथळ तळ्यांबद्दल हीच गोष्ट मांडली : उथळ पाणी दोन अवस्थांत टिकते, एक तर झाडांचे स्वच्छ पाणी, नाहीतर शेवाळाचे गढूळ पाणी, आणि दोन्ही अवस्था स्वतःला धरून ठेवतात. आपल्या कोल्हापूरच्या रंकाळ्यात सांडपाणी मिसळून पाणी हिरवे पडले तेव्हा ही दुसरी अवस्था साऱ्या शहराने नाकाने अनुभवली. टाकी म्हणजे काचेचे उथळ तळेच. तिला पहिल्या अवस्थेत न्यायचे एवढेच आपले काम. पाणी उपाशी ठेवून शेवाळ मरायच्या आधी झाड मरते.

म्हणून तिसरी गोष्ट केली ती झाडे वाढवण्याची. इथे आपल्या भागातले बोअरचे पाणी, ज्याला आपण जड पाणी म्हणून नावे ठेवतो, ते मदतीला येते. बहुतेक नाजूक झाडांना पाण्यात विरघळलेला कर्बवायूच लागतो; पण व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला ही झाडे जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कर्ब घेऊ शकतात. म्हणजे सिलिंडर नको, साखर-यीस्टची बाटली नको. व्हॅलिसनेरियाचे धावते कोंब सोडवून मागच्या बाजूला रांगेत लावले. हायग्रोफिलाचे शेंडे कापून तेच खडीत खोवले आणि तळाची कुजलेली खोडे काढून टाकली. तळ निम्म्याहून अधिक हिरवा दिसेल इतकी झाडे हवीत, हा साधा अंदाज. मंद वाढणाऱ्या अनुबियसवर सगळी मदार ठेवू नये. त्याचे पान वर्षभर टिकते आणि शेवाळाला बसायला तेवढीच निवांत जागा मिळते.

आठवड्यातून एकदा तिसरा हिस्सा पाणी बदलायचे, सायफनच्या नळीने तळाची घाण ओढून घ्यायची. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा, कारण अमोनिया खाणारे उपयोगी जिवाणू त्यातच राहतात.

पाचीची तोंडओळख

सगळी पाची एक नसते. ओळखता आली तर निम्मे काम होते.

तपकिरी धूळ : नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत येते. बोटाने पुसली जाते. हे डायटम. टाकी मुरली की आपोआप जाते, घाबरू नये.

काचेवरचे हिरवे कडक ठिपके : जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडावे. जास्त आले तर प्रकाश जास्त आहे, आणि कधी कधी फॉस्फेट कमी पडले आहे, असे समजावे.

हिरवे दोरे : दात घासायचा जुना ब्रश घालून शेवयांसारखे गुंडाळून काढावेत. हाताने जितके निघतील तितके पाण्याबाहेर काढणे हाच पहिला इलाज.

काळे केस : पानांच्या कडांना, लाकडाला झुबक्यांनी येतात. दिसायला काळे, पण हे लाल शेवाळाच्या कुळातले. स्पिरिटमध्ये टाकले तर लालसर होतात. कर्बवायू कमी-जास्त होत राहिला की वाढतात. ती पाने कापून टाकावीत, लाकूड बाहेर काढून घासावे.

निळसर-हिरवी साय : चादरीसारखी पसरते, उचलली की सलग निघते, वास उग्र. ही मुळात पाचीच नव्हे, जिवाणू आहेत. यांच्याच पूर्वजांनी अब्जावधी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरला, आणि औषधाच्या दुकानातली स्पिरुलिनाची गोळी याच कुळातली. टाकीत मात्र ही नको. साय ओढून काढावी, पाणी बदलावे, आणि तीन दिवस टाकी गोधडीने पूर्ण झाकावी. दिवा बंद, दाणा बंद, हवेचा पंप मात्र चालूच. उघडल्यावर पुन्हा पाणी बदलावे. पाणीच मटाराच्या सुपासारखे हिरवे झाले असेल तर त्यालाही हा अंधाराचा इलाज लागू पडतो. काही जण या सायीवर माणसांच्या प्रतिजैविक गोळ्या टाकतात. त्याने फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरू शकतात आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होण्याचा धोका असतो. ते करूच नये.

दवा शेवटी का?

आपल्या भागात एक घरगुती सल्ला फिरतो : चिमूटभर मोरचूद टाका, कन्नडमध्ये मैलुतुत्त. सिरसी-यल्लापूरच्या सुपारीच्या बागांत कोळेरोगावर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यासाठी ते घराघरांत असते. मोरचुदाने शेवाळ मरते हे खरे. पण तांबे गोगलगायी आणि झिंगे यांना मारक, माशांनाही घातक, आणि पंचावन्न लिटरमध्ये ‘चिमूट’ मोजणार कोण? ‘द्रवरूप कार्बन’ म्हणून मिळणाऱ्या अनेक बाटल्यांत ग्लुटारअल्डिहाइड असते, जे दवाखान्यात उपकरणे निर्जंतुक करायला वापरतात. ते अंगावर उडू देऊ नये, वाफ नाकात जाऊ देऊ नये. आणि व्हॅलिसनेरियाची पाने त्याने विरघळतात, म्हणजे ज्याच्या जिवावर लढायचे तोच सैनिक आधी पडतो.

आणखी एक धोका कुणी सांगत नाही. औषधाने सगळी पाची एकदम मेली, की ती एकदम कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि अमोनिया सोडते. रात्रभर झाडेही प्राणवायूच घेत असतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. ‘रात्री औषध घातले, सकाळी मासे वर येऊन धापा टाकत होते’ ही तक्रार अनेकांकडून ऐकू येते. तिचे कारण हे. एप्रिल-मेच्या उकाड्यात कोमट पाण्यात प्राणवायू मुळात कमी राहतो, तेव्हा तर अधिकच जपावे.

शेवाळ खाणारे पाहुणे

जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी पाणवनस्पतींच्या टाकीला जगभर कलेचा मान मिळवून दिला. 2015 मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी रचलेली चाळीस मीटर लांबीची टाकी खुली झाली. शेवाळासाठी त्यांनी एका चिमुकल्या झिंग्याला कामाला लावले. तो आज त्यांच्याच नावाने, अमानो श्रिम्प म्हणून, विकला जातो. त्याची पिल्ले खारट पाण्याशिवाय वाढत नाहीत, म्हणून टाकीत त्यांची गर्दी होत नाही. आपल्याकडे सहज मिळणारी मॉली आणि आपल्याच देशातला रोझी बार्बही कोवळे दोरे कुरतडतात. पण हे सगळे मदतनीस. दिवा चौदा तास जळत असेल तर त्यांचा इलाज चालत नाही.

दुकानात ‘टाकी साफ करणारा’ म्हणून मिळणाऱ्या सकर माशापासून मात्र सावध राहावे. दोन इंचांचे ते गोजिरवाणे पिल्लू दक्षिण अमेरिकेतले. वाढून फुटाहून मोठे होते, जितके खाते त्याहून टाकी घाण करते. मग लोक त्याला तळ्यात सोडतात. अंगावर चिलखतासारखे कवच, त्यामुळे त्याला खाणारे थोडे. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ जागांत, आंध्रात, केरळात तो आज स्थानिक माशांच्या आणि मच्छीमारांच्या मुळावर आला आहे. झाडांचेही तसेच. हुबळीच्या उणकल तळ्याला वर्षानुवर्षे छळणारी जलपर्णी, म्हणजे आपली अंतरगंगे, दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी जगभर गेली. उलट दिशेने पाहा : आपल्याकडची साधी हायड्रिला 1950 च्या दशकात फिश टँकच्या व्यापारातून अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोहोचली आणि तिथल्या नद्या-कालव्यांत आजही डोकेदुखी आहे.

नऊ आठवडे

शेजारच्या टाकीत पहिले दोन आठवडे काहीच बदल दिसला नाही. वडील रोज डोकावून म्हणत, “हे काही व्हायचं नाही.” मी म्हटले, “अण्णा, आपल्या कलघटगीच्या पाळण्याचा रंग एका दिवसात चढतो का?” लाखेचे थर देऊन घोटून रंगवलेला तो पाळणा चार पिढ्यांना पुरतो, कारण कारागीर घाई करत नाही. टाकीलाही तोच हिशेब.

तिसऱ्या आठवड्यात दोरे काढल्यावर पूर्वीसारखे दुसऱ्या दिवशी परत येईनासे झाले. चौथ्यात हायग्रोफिलाला नवी, स्वच्छ, फिक्या हिरव्या रंगाची पाने आली. नवे पान स्वच्छ येऊ लागले की लढाई जिंकलीच समजा. जुन्या पानाकडे बघून निराश होऊ नये, ते कापायचेच असते. सहाव्या आठवड्यापर्यंत काळ्या केसांची बहुतेक पाने निघून गेली. मुलगा एका वहीत दर रविवारी दिव्याचे तास, बदललेले पाणी आणि काढलेली पाची यांची नोंद ठेवत होता. विज्ञानाच्या प्रयोगवहीपेक्षा ती अधिक नेटकी होती.

पाडवा आला तेव्हा काचेवर चार ठिपके होते आणि लाकडाच्या एका टोकाला काळा झुबका शिल्लक होता. वडिलांनी टाकी पाहिली, विकण्याचा विषय काढला नाही, आणि बेवू-बेल्ल, म्हणजे आपला कडुलिंब-गूळ, आज्जींच्या हातावर ठेवला. आज्जी तोवर वॉकर धरून चार पावले टाकू लागल्या होत्या. ती पावले कॉटपासून टाकीपर्यंतचीच होती. दाण्याची डबी त्या आता स्वतः उघडतात.

पाचीचा अंशही नसलेली टाकी कुणाकडे नसते, आणि तशी असावी असा हट्टही नको. थोडी हिरवी कड झिंग्यांना आणि पिल्लांना खाऊ म्हणून राहू द्यावी. दर आठवड्याला काढलेले पाणी माशांच्या खताने समृद्ध असते, ते मल्लिगेच्या नाहीतर तुळशीच्या कुंडीत घालावे. कापलेली झाडे आणि गुंडाळून काढलेली पाची कधीही गटारात, ओढ्यात किंवा केरीत टाकू नये. गच्चीवर कडक उन्हात पूर्ण वाळवावी आणि मग कुंडीत मिसळावी. मासे सांभाळणे जमेनासे झाले तर दुसऱ्या हौशी घराला द्यावेत, दुकानदाराला परत द्यावेत. बेडतीला तिचे स्वतःचे मासे पुरेसे आहेत.